लेन्स नंतर घे, आधी पुलावर ये

सांगली, गुरुवार

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. पहिल्या पगारातून जुना कॅमेरा घेतलास हे छान केलंस. आता विचारतेस, "काका, पुढची लेन्स कुठली घेऊ?" कुठलीच घेऊ नकोस. कॅमेऱ्याबरोबर जी किट लेन्स आलीय तिच्यावरच वर्ष काढ. अगदीच हात शिवशिवले तर ५० मिमी एफ १.८ ही झूम नसलेली साधी लेन्स सेकंडहँडमध्ये बघ. उरलेले पैसे पेट्रोलला आणि प्रिंटला ठेव.

सप्टेंबरात कास पठारावर जायचं म्हणतेस. जरूर जा, फुलं डोळे भरून बघ, पण फोटोची फार आशा धरू नकोस. त्याच तेरड्याचे तेच फोटो हजारो लोक घेऊन येतात आणि पुढच्या वर्षी त्यातला आपला कुठला हे आपल्यालाच ओळखू येत नाही. माझाही एक आहे कुठेतरी.

तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आयर्विन पूल आहे. १९२९ सालचा. रोज त्याच्यावरून जातेस, पण थांबली आहेस का कधी? कठड्याशी एक जागा ठरव. समोरचं एखादं झाड किंवा घाटाची पायरी खूण म्हणून धर आणि दर रविवारी त्याच वेळी, लेन्सचा झूम त्याच आकड्यावर ठेवून एकच फोटो काढ. पहिले दोन महिने कंटाळशील, कारण सगळे फोटो सारखेच दिसतील. मग थंडीतलं धुकं येईल, मे महिन्यात पात्रातली माती उघडी पडेल, जुलैत पाणी गढूळ होऊन एका रात्रीत पायऱ्या गिळेल. या पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत पुलावर फोटो काढायला जायचं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. एखादा रविवार रिकामा राहिला तरी चालेल.

हा उद्योग काही मी शोधलेला नाही. दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा सिनेमा काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरला होता. रोप रोज किती वाढतं ते महिनाभर कॅमेऱ्यात टिपत राहिले आणि तेवढ्या फिल्मवर भांडवल उभं केलं. १९१२ च्या आसपासची गोष्ट. कॅमेरा रोज तिथेच, वाटाणा तेवढा वाढत होता.

तांत्रिक बाजूचं म्हणशील तर आधी एकच गोष्ट शीक. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आंधळा असतो. समोर काहीही धरलं तरी ते मध्यम करडं आहे असं समजून तो उजेड ठरवतो. त्यामुळे पांढरं धोतर-टोपी घातलेले आजोबा फ्रेमभर घेतलेस की धोतर मळकट येतं. तिथे एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, एक स्टॉप (दुप्पट) वाढव. अंधाऱ्या खोलीत उलटं. मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाचा फोटो काढशील तेव्हा थोडं कमी ठेव, नाहीतर हळकुंडावरच्या रेघा जातात आणि नुसता पिवळा डाग राहतो. मी असे दोन रोल वाया घालवलेत, छत्तीस-छत्तीस फोटोंचे. फोनवर काढत असशील तर बोट टेकवल्यावर सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढ. बाकीचं मॅन्युअलमध्ये आहे.

मग मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे. चहा घे, भोपळा कसा कापतात ते बघ, किती वर्षं हे काम करताय ते विचार. दुसऱ्या खेपेला परवानगी माग. दारातून येणारा उजेड पुरेसा असतो, फ्लॅश मारू नकोस, लाकडाची उडणारी धूळ त्याच उजेडात दिसते. जवारी काढणारा, म्हणजे तारेचा झणकार जुळवणारा कारागीर घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवतो, तार छेडतो, मान वाकवून ऐकतो, पुन्हा कानस. तुला वाटेल कानशीचा फोटो काढावा. तू ऐकण्याचा काढ. त्या दोन सेकंदांत माणूस इतका स्थिर असतो की १/३० सेकंदाच्या शटरवरही चेहरा हलत नाही.

आता पुराचं सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

२०१९ ला पाणी ओसरल्यावर लोक पिशव्या भरभरून ओले अल्बम घेऊन माझ्याकडे आले. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, आणि दोन फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सोडवताना चेहराच निघून येतो. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी ओरडून सांगायचो, उन्हात टाकू नका, वाळू देऊ नका. टबात स्वच्छ गार पाणी घ्यायचं, फोटो आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, कोपऱ्याला धरायचं, चिखल बोटाने घासायचा नाही, फोटो फक्त पाण्यात हलवायचा. मग दोरीवर चिमट्याने लटकवायचे. अंगणात तीन दोऱ्या बांधल्या होत्या, लग्नघरासारख्या.

एक बाई तीन अल्बम घेऊन आल्या, पण त्यांचं सगळं लक्ष एकाच फोटोवर. सासूबाई चुलीपुढे बसलेल्या, अर्धा चेहरा धुरात, फोकस मागच्या पातेल्यावर. कुणी काढला तेही माहीत नाही. माझ्या क्लासमध्ये मुलांनी तो आणला असता तर मी बाजूला ठेवला असता. अर्धा तास पाण्यात ठेवल्यावर तो सुटला, डावा कोपरा तेवढा गेला. बाई तो ओला फोटो हातात धरून रिक्षात बसल्या. वाळेपर्यंत थांबल्या नाहीत.

माझ्या स्वतःच्या निगेटिव्ह कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. सगळा लगदा झाला. त्यात स्पर्धेत बक्षीस मिळालेले घाट-धबधबे होते. आजवर कुणीही त्यांची चौकशी केलेली नाही, खरं सांगायचं तर मीही फारशी नाही.

तेव्हा पुलाबरोबर दुसरं काम हे कर. आजी, बाबा, खालचा इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचे भडंगवाले, सगळे काम करत असताना काढ. "इकडे बघा" म्हणू नकोस. महिन्याच्या शेवटी दहा फोटो निवडून ४ बाय ६ चे प्रिंट काढ, मागे तारीख लिही आणि ज्याचा फोटो त्याला नेऊन दे. देताना त्याचा चेहरा बघ, तिथेच तुझा पुढचा फोटो असतो. फाइलींच्या दोन कॉप्या ठेव, एक वरच्या मजल्यावर किंवा विश्रामबागेत मावशीकडे.

प्रेरणेसाठी दिवसभर फोनवर दुसऱ्यांचे फोटो चाळतेस, ते जरा कमी कर. एखाद्या सुटीत औंधला जाऊन पंतप्रतिनिधींचं संग्रहालय बघून ये. रविवर्म्याच्या चित्रापुढे उभी राहा आणि उजेड कुठल्या खिडकीतून आलाय एवढंच शोध.

रविवारी सकाळी साडेसहाला मी पुलाच्या सांगलीवाडीकडच्या टोकाला असेन. बॅटरी चार्ज करून आण. आणि लेन्सवर लावलेला तो स्वस्तातला फिल्टर काढून टाक. तुझ्या रात्रीच्या फोटोंत दिव्यांची जी भुतं येतायत ना, ती त्याच्यामुळेच.

तुझा,
काका