आई अंध, बाबा व्हीलचेअरवर, सोबत मी एकटा : दोघांचं मतदान कसं करून घेऊ?

तुम्ही विचारलंय की आईला अजिबात दिसत नाही, बहात्तर वर्षांच्या बाबांना अर्धांगवायूनंतर व्हीलचेअर लागते, नागपूरच्या महाल भागातलं मतदान केंद्र शाळेच्या पहिल्या मजल्यावर आहे आणि दोघांना घेऊन जाणारे तुम्ही एकटेच. माझं मत स्पष्ट आहे. बाबांचं मतदान घरून होऊ द्या आणि आईला केंद्रावर न्या.

अडचण नियमातच आहे. निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या ४९ एनप्रमाणे, ज्यांना चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही त्यांना सोबती आत नेता येतो. सोबती १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा हवा. पण एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं, मग केंद्र कोणतंही असो. तसं प्रतिज्ञापत्र सोबत्याकडून लिहून घेतात आणि केंद्राध्यक्ष नमुना १४-एमध्ये नोंद करतात. म्हणजे आईसोबत तुम्ही आत गेलात की बाबांसाठी तुम्हाला आत जाता येणार नाही. "दोघंही माझेच आईबाप आहेत" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, इथं केंद्राध्यक्षांच्या हाती काही नसतं. बाबांना चिन्हं नीट दिसत असतील आणि एका हाताने बटण दाबता येत असेल, तर त्यांना आत सोबती लागतच नाही. खुर्ची मतदान कक्षापर्यंत कुणीही ढकलत न्यावी, बटण त्यांनी स्वतः दाबावं.

आता घरून मतदान. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर वय कितीही असो, बाबांना घरून मतदानाचा अर्ज, म्हणजे नमुना १२-डी, भरता येतो. (८५ वर्षांची अट ज्येष्ठांच्या वेगळ्या गटाला आहे.) मुदत फार तोकडी असते, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवस. २०२४ च्या लोकसभेला नागपूरची अधिसूचना २० मार्चला निघाली आणि मतदान १९ एप्रिलला झालं. मार्च सरण्याआधीच ही वाट बंद झाली होती, आणि बहुतेक घरांत तोवर निवडणुकीचा विषयही निघत नाही. लोक नेमके इथंच चुकतात.

बीएलओ (केंद्राच्या मतदार यादीचं काम पाहणारे अधिकारी) १२-डी घेऊन घरी येतात ते यादीत ज्यांच्या नावापुढे दिव्यांगत्वाची नोंद आहे त्यांच्याकडे. म्हणून ती नोंद आत्ताच करून घ्या : यादीतली नोंद बदलण्याचा नमुना ८ भरून, नाहीतर निवडणूक आयोगाच्या दिव्यांगांसाठीच्या सक्षम अ‍ॅपवरून, सोबत प्रमाणपत्र जोडून. प्रमाणपत्र नसेल तर आधी मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठा. असेल तर त्यावरची मुदत पाहा. अर्धांगवायूच्या रुग्णांना पुष्कळदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि ते संपल्याचं ऐनवेळी कळतं. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघालं की ते मतदानाला ओळखपत्र म्हणूनही चालतं.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट, टपाली मतपत्रिका) असा शिक्का बसतो आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. दिलेल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओग्राफर घरी येतात. घरी कुणी नसलं तर पुन्हा एकदा येतात, तिसऱ्यांदा नाही. मत कागदी मतपत्रिकेवर, आडोसा करून. कॅमेरा खूण करताना रोखायचा नसतो. तसं होत असेल तर जागीच हरकत घ्या.

आईसाठी मी घरचं मतदान का सुचवत नाही? कागदी पत्रिकेवर तिला दुसऱ्याच्या हातावर विसंबावं लागेल. यंत्रावर मात्र निळ्या बटणाशेजारी अनुक्रमांक ब्रेलमध्ये असतात, आणि केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही मिळते. आधी ती मागा, आईला सावकाश वाचू द्या, मग तिला एकटीला आत पाठवा. ब्रेल येत नसेल तर अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर उमेदवारांची अंतिम यादी लागते, तिच्यातला अनुक्रमांक पाठ करून वरून बोटाने बटणं मोजायची. एका युनिटवर सोळाच नावं असतात. सतराव्यापासून पुढचं युनिट. बीप वाजली की मत नोंदलं. फक्त मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची सात सेकंद दिसणारी चिठ्ठी तिला तपासता येणार नाही. ही उणीव खरी आहे आणि ती भरून निघायलाच हवी. ती खात्री हवी असेल तर तुम्ही सोबती म्हणून आत जा. कोणता मार्ग घ्यायचा ते आईने ठरवावं. एखादा पोलिंग एजंट (उमेदवाराचा केंद्रावरचा प्रतिनिधी) "यांना दिसतं थोडं" म्हणू लागला तरी निर्णय केंद्राध्यक्षांचा असतो. केंद्रावरचे कर्मचारी मात्र कुणाचे सोबती होऊ शकत नाहीत, कितीही मदतीच्या भावनेने म्हणाले तरी. आणि रांगेत उभं राहू नका, दिव्यांगांना आधी सोडतात.

पहिल्या मजल्याचं काय? दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक केंद्र सुगम हवं. पण तक्रार मतदानाच्या सकाळी केली तर यंत्र खाली आणत नाहीत. केंद्रांची प्रारूप यादी निघते तेव्हाच तुमच्या मतदारसंघाच्या नोंदणी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. १९५० या मतदार हेल्पलाइनवरही नोंदवा. रॅम्प आहे एवढ्यावर समाधान मानू नका. फूटभर उंचीला बारा फूट लांबी लागते. दोन पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवरून खुर्ची मागे उलटते.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं १२-डीच्या भरवशावर राहू नका. शिवाय आपल्या बहुसदस्यीय प्रभागात एका मतदाराला बहुतेक ठिकाणी चार जागांची मतं द्यावी लागतात. आईला एक नव्हे, चार क्रमांक पाठ हवेत, आणि कोणत्या जागेची पत्रिका कुठे सुरू होते तेही आत जाण्याआधी विचारून घ्यावं लागेल.