काटा बंद झाल्यावर

वणीजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात काम करणाऱ्या मुलीनं लिहिलंय: "सर, बी.कॉम. करून दिवाळीपासून इथं लागले. सीझनमध्ये डबा खायलाही वेळ नव्हता. होळीनंतर आवक आटली. आता अकरा वाजताच काम संपतं. शेटजी आले की उगाच एक्सेल उघडून बसते, मग दिवसभर मनाला लागून राहतं. तलाठी भरतीचा अभ्यास ऑफिसात केला तर चालेल का?"

ताई,

ती उगाच उघडलेली फाईल आधी बंद कर. काम संपलं यात तुझा काही दोष नाही, जिनिंगचा धंदाच असा हंगामी. मी एका पतसंस्थेत होतो तेव्हा मार्च सरला की तेच लेजर पुन्हा पुन्हा चाळायचो. पुढं नवं काम आलं, ते दुसऱ्याला मिळालं. हात मोकळे आहेत हे मी कधी सांगितलंच नव्हतं. तो सल अजून आहे.

म्हणून उद्याच शेटजींना सांग, "नोंदी झाल्या. दुपारी यंदाच्या वजनाच्या काटापट्ट्या घेऊन महिन्यामहिन्याचा उतारा काढू का?" नुसतं "काम द्या" म्हणू नकोस. तसं म्हटलं की काम शोधायचा ताप त्यांनाच होतो.

उतारा म्हणजे कापसातून किती रुई निघाली त्याचं प्रमाण. तोच का, ते सांगतो. किती कापूस आला, किती गाठी बांधल्या, सरकी किती गेली, सगळं तुझ्याच रजिस्टरात आहे. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. गाठ 170 किलोची, म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. दिवाळीतला ओला कापूस आणि जानेवारीतला कोरडा, दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांड. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, 12 टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस का परत पाठवते, ते तुला कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही. महिनाअखेरीस गंजीत पडून असलेला माल मात्र वजा कर, नाहीतर सगळा हिशेब चुकेल.

हिशेब बघणाऱ्या दिवाणजींजवळही बस. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी शेतकरी भरत नाही, नोंदणीकृत खरेदीदार भरतो. रिव्हर्स चार्जची ही पद्धत 15 नोव्हेंबर 2017 पासून आहे. ती नोंद टॅलीत कशी घालायची, हे सीझनच्या धांदलीत कोण शिकवणार? जिनिंगवाले माझ्याकडे माणूस मागतात तेव्हा हेच आधी विचारतात.

तलाठीचा अभ्यासही कर, पण विचारून. "तीननंतर काम नसलं तर पुस्तक वाचू का?" एवढंच. नाही म्हणाले तर पहाटे घरी कर. ड्रॉवरमध्ये लपवून वाचलेलं पुस्तक डोक्यात शिरत नाही. अर्धं लक्ष दाराकडं असतं, अंकगणिताचं एक उदाहरण धड सुटत नाही.

उताऱ्याचा तक्ता झाला की मला पाठव, मी बघतो. पगारवाढीचं दसऱ्याआधी बोल, आणि तो कागद शेटजींच्या टेबलावर ठेवूनच बोल.