बूम माइक न घेता परत जा

अगं,

तुझा रात्री पावणेतीनचा मेसेज सकाळी बघितला. पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडतं, चिखलाचा वास आंघोळ करूनही जात नाही, आणि शेवटी काय तर "सर, माझं तिथं कुणीच गेलं नाही, मी दोनच दिवस होते, मग मला का होतंय हे, रिपोर्टिंग सोडून पीआरची नोकरी धरू का". एवढा लांबलचक मेसेज आणि त्यात इर्शाळवाडीतल्या एकाही माणसाबद्दल ओळ नाही, लक्षात आलं का तुझ्या?

आधी ते "दोनच दिवस" निकालात काढू. २०२३ च्या १९ जुलैला रात्री वाडीवर दरड आली, तू दुसऱ्या दिवशी पावसात तो डोंगर चढून वर. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला. त्या मातीवर उभं राहून तू बोलत होतीस. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१३ चे निकष आहेत, त्यात घरी बसून टीव्हीवर बघितलेलं आघातात धरत नाहीत, पण कामाचा भाग म्हणून बघावं लागलेलं धरतात. म्हणजे आपल्या एडिटिंगला बसलेली पोरं, जी कच्चं फुटेज दिवसभर मागेपुढे करतात, तीसुद्धा त्यात येतात. तू तर प्रत्यक्ष तिथं होतीस. तेव्हा हिशोब मांडत बसू नकोस. डॉक्टरकडे जा, तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. यावर वाद घालायचा नाही.

पण हे तुला कुणीही सांगेल, मला वेगळं सांगायचंय. परत जा. कॅमेरा नाही, बूम नाही, गळ्यात कार्ड नाही, आणि जमलं तर स्टोरीचा विचारही नाही. नुसती परत जा.

मी चोवीस वर्षांचा होतो किल्लारीच्या भूकंपावेळी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या रात्री गणपती बुडवून दमून झोपलेली माणसं आणि त्यांच्यावर दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती. मी पोचलो तेव्हा पाऊस लागला होता, माळवदाचीच लाकडं काढून चिता रचत होते. एक बाई ढिगाऱ्याच्या कडेला बसलेली, तिला वाटलं मी सरकारी माणूस, वही बघून म्हणाली लिहून घे. आणि नावं सांगायला लागली, वयासकट, सावकाश, एक नाव सांगितलं की मी लिहून होईपर्यंत थांबायची. सात नावं. मी दोन लिहिली. बातमीला दोन पुरतात ना. पुढची पाच मी नुसतं पेन हलवत होतो आणि डोक्यात एकच, लातूरला फॅक्स कुठं मिळेल.

बातमी पहिल्या पानावर लागली. कौतुक झालं. महिन्याभराने रात्री जाग यायला लागली आणि ती पाच नावं काय असतील हे आठवायचा प्रयत्न करायचो, आठवणार कशी, ऐकलीच नव्हती. मग प्यायला लागलो. तेव्हा सगळेच प्यायचे, प्रेस क्लबात त्यालाच कौन्सेलिंग म्हणायचे. टोरांटोच्या अँथनी फाइनस्टाइनने २००२ मध्ये युद्ध कव्हर करणाऱ्या पत्रकारांवर अभ्यास छापला, चारातल्या एकाहून जास्त जणांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात राहणारा ताणाचा आजार, झालेला, दारू इतर पत्रकारांपेक्षा जास्त, आणि उपचार घेण्यात मात्र इतरांच्या पुढे नाहीत. मी वाचलं आणि म्हणलं, अरे हा आपल्या ब्युरोत येऊन गेला की काय.

आता तू विचारशील मग तुम्ही का नाही गेलात परत. गाडी नव्हती, रजा नव्हती, घरी तान्हं मूल, आणि संपादक म्हणायचे किल्लारी आता जुनी झाली, पुढं बघा. पुढं होतंच काहीतरी, आपल्याकडे पुढचं कधी कमी पडतं का? यात माझी काय चूक होती ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तरी सांगतो, जायला हवं होतं.

गेलो एकवीस वर्षांनी. २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर दरड कोसळली, १५१ माणसं गेली, तिथून परत येताना एसटीत मला इतका घाम फुटला की कंडक्टरने पाणी दिलं, आणि पुढच्याच आठवड्यात किल्लारी गाठली. नवं गाव, सरळ रस्ते, ओळीत घरं. त्या बाईची चौकशी करायला लागलो, तर लोक विचारतात नाव काय तिचं. आणि मी गप्प. मेलेल्यांची दोन नावं माझ्या वहीत होती, तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. ती दोन नावं सांगून बघितली, कुणाला नीट आठवेना, एवढी माणसं गेलेली. एका घरात चहा दिला, कुठून आलात विचारलं. तेवढंच झालं. पण त्या रात्री उमरग्याच्या लॉजवर मी पडल्या पडल्या झोपलो, आणि हे मी कुठल्या डॉक्टरला पटवून देऊ शकत नाही.

म्हणून म्हणतो परत जा, आणि लवकर जा, नावं लक्षात आहेत तोवर. तुझ्या डोक्यात ते गाव अजून त्याच रात्रीत अडकलंय. तिथली माणसं मात्र डोंगराखालच्या चौक गावाजवळ राहतात, पोरं शाळेत जातात, भांडतात, पाण्यावरून कुरकुरतात. ते बघ की जरा.

आणि एक. तुझं दुसऱ्या दिवशीचं लाईव्ह मी पाहिलंय. मागे एक पोरगा होता, निळी छत्री, दांडा मोडलेला. तीनदा तुझ्याजवळ आला आणि तिन्ही वेळा तू न बघता हाताने बाजूला केलंस. चिडू नकोस, मीही तेच केलं असतं. काहीच नसेल, चहा हवा का विचारत असेल. पण तुला आठवतोय तो, हो ना? मेसेजमध्ये तो नाही म्हणून विचारतोय.

नोकरीचं नंतर बघू, पीआर कुठं पळून चाललंय. रविवारी पनवेल स्टँडवर नऊला भेट, तिथून चौकची एसटी धरू. माझे गुडघे गेलेत पण ती माणसं आता खालीच राहतात, चढायचं नाहीये. वही मी आणतो, तू फक्त छत्री आण, बरी असलेली, दोन आण.