हडंबा मोठा, घालणारा एकटा

‘कॉम्प्युटरचं दुखणं’ या सदराला या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं गेमची आहेत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की दरवर्षी असंच होतं. परभणीत दुकान टाकून मला बावीस वर्षं झाली. आधी सुट्टीत लेकरं कॅसेटचा व्हिडिओ गेम दुरुस्तीला आणायची, आता ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारा पीसीतला भाग, काखेत मारून येतात. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न : काका, मी सेलूचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे एका ऑफिसातून निघालेला जुना पीसी आहे. कोअर आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एक पट्टी, साधी हार्ड डिस्क आणि १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर. बाबांनी भाव वाढेल म्हणून ठेवलेलं सोयाबीन शेवटी विकलं आणि मला कार्डासाठी पंचवीस हजार दिले. मी आरटीएक्स ३०६०, १२ जीबी हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. जीटीए फाइव्ह हा गाड्या पळवायचा गेम मोकळ्या रस्त्यावर सेकंदाला ७० फ्रेमवर चालतो, पण शहरात शिरलं की ४० वर येतो आणि मध्येच गचके बसतात. सगळ्या सेटिंग ‘हाय’वरून ‘नॉर्मल’वर आणल्या तरी आकडा हलत नाही. प्रोसेसर ९८-१०० टक्के दाखवतो, कार्ड जेमतेम ३०. बाबा विचारतात, पैसे पाण्यात गेले का? कार्ड परत करू का?

उत्तर : लेकरा, आधी बाबांचा जीव भांड्यात पडू दे. कार्ड खराब नाही आणि पैसेही बुडालेले नाहीत.

घरी सोयाबीन आहे म्हणजे तू हडंब्यावर, म्हणजे मळणीच्या मशीनवर, उभा राहिलेला असशील. एका बाजूला कापलेल्या पिकाची सुडी, मध्ये मशीन आणि तोंडाशी कवळा उचलून आत घालणारा माणूस. मशीन कितीही मोठं आणा, घालणारा एकटा आणि त्यातही दमलेला असला तर ते रिकामंच घरघरतं. ट्रॅक्टरचं डिझेल जळतं, पण पोत्यात दाणा काही जास्त पडत नाही. तुझं कार्ड म्हणजे तो हडंबा. घालणारा आहे तुझा ३४७०.

गेममध्ये पडद्यावरचं एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, तयार व्हायला दोघांचं काम लागतं. कोणती गाडी कुठं वळली, कोण कुणाला धडकलं, पोलीस कुठून आले, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. मग तो कार्डाला फर्मान सोडतो, ही भिंत काढ, ते झाड काढ, इथं सावली पाड. अशी फर्मानं गजबजलेल्या चौकात एकेका फ्रेमला हजारोंनी जातात. कार्डाचं काम त्यानंतरचं, पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात रंग भरण्याचं.

आता तुझेच आकडे घे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. शहरात तुला ४० मिळतात, म्हणजे एक फ्रेम २५ मिलिसेकंद खाते. कार्ड ३० टक्केच राबतंय, म्हणजे ढोबळमानानं ते सात-आठ मिलिसेकंदांत मोकळं होतं आणि बाकीचे सतरा पुढच्या फर्मानाची वाट बघत बसतं. म्हणून तर सेटिंग खाली आणून काही झालं नाही. तू ज्याचं ओझं कमी केलंस तो आधीच बसून होता! शहरात आकडा का पडतो तेही यातच आलं. तिथं माणसं जास्त, गाड्या जास्त, म्हणून हिशोबही जास्त. तुझा प्रोसेसर २०१२ चा. चार कोअर म्हणजे राबणारे चार गडी, आणि थ्रेड म्हणजे त्यांना एका वेळी हाती घेता येणारी कामं, तीही चारच. कार्ड २०२१ चं. नऊ वर्षांचं अंतर आहे, पण निव्वळ वयावरून जोडी नासते असं समजू नको. काय खेळतोस आणि कोणत्या मॉनिटरवर खेळतोस, यावर ते ठरतं.

म्हणून पहिली गोष्ट उलटीच सांगतो. सेटिंग खाली नको, वर ने. टेक्स्चर म्हणजे भिंती-रस्त्यांवरची नक्षी, सावल्यांचा दर्जा, कडा गुळगुळीत करणारी सेटिंग, हे सगळं मुख्यतः कार्डाच्या अंगावर पडतं. ते रिकामंच आहे, राबू दे. तुझ्या मॉनिटरवर साडेदहा लाख ठिपके आहेत. १९२० बाय १०८० चा घेतलास तर पावणेएकवीस लाख होतील. कार्डाचं काम जवळपास दुप्पट होईल, तरी ते २५ मिलिसेकंदांच्या आतच बसेल. फ्रेम तेवढ्याच, चित्र मात्र कितीतरी देखणं. कमी करायच्या त्या प्रोसेसरच्या बोकांडी बसणाऱ्या सेटिंग. जीटीएमध्ये ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’, म्हणजे रस्त्यावरची गर्दी, निम्म्यावर आण आणि ‘एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग’, म्हणजे लांबच्या वस्तूंचा बारकावा, पार शून्यावर. शहरात फरक लगेच दिसेल.

दुसरं, फ्रेमला वेसण घाल. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, तिथं ६० लिही. मोकळ्या रस्त्यावर ७० काढण्याच्या नादात चारही कोअर शंभर टक्क्यांना भिडतात आणि पुढचा रस्ता डिस्कवरून आणायला कुणी मोकळाच राहत नाही. तिथं गचका बसतो. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा असणार, तो तसंही सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. वरचे दहा नुसते कोपऱ्यातल्या आकड्यात दिसतात.

सगळेच गचके प्रोसेसरच्या माथी मारू नको हेही सांगतो. साध्या हार्ड डिस्कवर जीटीए म्हणजे गाडी वेगानं पळवलीस की रस्ता आधी आणि इमारती मागून. एक साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कची वेगवान बहीण, घाल आणि गेम तिच्यावर टाक. रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी पण घे, डीडीआर थ्री याच पिढीची, पहिलीच्याच वेगाची. एका पट्टीवर प्रोसेसरला रॅमचा एकच रस्ता मिळतो, दोन लावल्या की दोन.

तुझा प्रोसेसर बसलाय त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, कोअर आय-सेव्हन ३७७० हा प्रोसेसरही बसतो. कोअर चारच, पण थ्रेड आठ, आणि वीज तुझ्या प्रोसेसरइतकीच, ७७ वॅट. वापरलेला चांगला आणि स्वस्त मिळाला तरच घे. गचके कमी होतील, पण चमत्काराची आशा ठेवू नको. माझं मत विचारशील तर ते पैसे साठव. वर्षभरानं रायझन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर फोर रॅम असं एकदम घे आणि हेच ३०६० त्यात लाव. बाबांना सांग, बैल चांगला घेतलाय, गाडी तेवढी जुनी आहे.

आता जे तू विचारलंच नाहीस आणि मला सगळ्यात जास्त खटकतंय ते. त्या जुन्या पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कोणता आहे? ३०६० एकटं १७० वॅटपर्यंत ओढतं आणि त्याच्यासाठी कंपनी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. ऑफिसच्या पीसीत एवढा सप्लाय सहसा नसतो आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरही नसते. मग दुकानदार डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन वायरी जोडून जुगाड करून देतो. मीही दिला होता एकदा, एका गिऱ्हाइकाला, ऐन गणपतीत. तिसऱ्या दिवशी एसएमपीएसनं फट् करून जीव सोडला आणि जाताना बोर्डालाही घेऊन गेला. दोन्ही माझ्या खिशातून भरून दिले, तेव्हापासून तो जुगाड बंद. तू आज रात्रीच कॅबिनेट उघडून बघ. जुगाड दिसला तर चांगला सप्लाय येईपर्यंत खेळ बंद. शिवाय ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळ रंगात असताना लाइट गेली तर तोही मान टाकेल.

प्रश्न : मी उदगीरला शिक्षक आहे. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी पीसी घेतला. रायझन ५ ५६००जी, रॅम ८ जीबीची एक पट्टी. दुकानदार म्हणाला, मुलगा गेम खेळणार तर वेगळं कार्ड पाहिजेच, म्हणून जीटी ७३०, ४ जीबी असं कार्ड वेगळे पैसे घेऊन बसवून दिलं. मुलगा म्हणतो, साधा गेमसुद्धा अडकतो. प्रोसेसर कमी पडतोय का?

उत्तर : सर, प्रोसेसर उत्तम आहे. कार्ड काढून ठेवा. खरंच सांगतो, काढून ठेवा.

तुमच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी जो ‘जी’ आहे, त्याचा अर्थ त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. तो २०२१ चा आणि जीटी ७३० हे २०१४ चं, तेव्हाही खालच्या पायरीवरचं. म्हणजे चांगला पळणारा मुलगा घरात असताना तुम्ही दुकानात आजोबांना पाठवताय. ‘४ जीबी’ या कार्डाच्या मेमरीच्या आकड्यावर भुलू नका. ते गोदाम किती मोठं आहे एवढंच सांगतं. माल उचलणारे हमाल किती आणि दार किती रुंद, हे त्यावरून कळत नाही. या कार्डात गोदाम मोठं, दार अरुंद आणि हमाल मोजके. दुकानदारांना हा आकडा फार आवडतो, कारण गिऱ्हाइकाला तेवढाच वाचता येतो. आमच्याच धंद्याची ही खोड आहे, काय बोलू!

कार्ड काढल्यावर मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागच्या जागेत लावा. जे पैसे वाचतील किंवा परत मिळतील त्यातून रॅमची तशीच दुसरी पट्टी घ्या. पोटातलं ग्राफिक्स मुख्य रॅमवरच जगतं, त्यामुळे तुमच्या मशीनला दुसरी पट्टी सेलूच्या त्या मुलापेक्षाही जास्त लागते. एवढ्यात व्हॅलोरंट मजेत चालेल, जीटीए फाइव्हही साध्या सेटिंगवर. सायबरपंकसारखा जड गेम मागायला लागला, तर आधी मार्कशीट बघा आणि मग चांगल्या कार्डाचा विचार करा.

वायरीवरून आठवलं. गंगाखेडला एका घरी नवीन कार्ड बसवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी फोन, ‘काहीच फरक नाही.’ जाऊन तीन तास ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, काढले, घातले, पुन्हा काढले. शेवटी त्यांच्या सातवीतल्या मुलीनं मागं वाकून विचारलं, ‘काका, वायर जुन्याच भोकात कामून आहे?’ मॉनिटर बोर्डाला जोडलेला, कार्ड बापडं आत रिकामं बसून. चहा पिऊन, मान खाली घालून परत आलो. नवीन कार्ड घेतलेल्या प्रत्येकानं आधी एवढं वाकून बघावं.

प्रश्न : हिंगोलीहून लिहितोय. इंटरनेटवर प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की ‘बॉटलनेक १८ टक्के’, म्हणजे एकामुळं दुसरा इतका अडतो, असं येतं. यानं प्रोसेसर जळेल का?

उत्तर : नाही. वाट बघून कुणी जळत नाही. त्या आकड्यालाही फार अर्थ नाही. तुम्ही कोणता गेम खेळता, कोणत्या सेटिंगवर, हे त्याला नेमकं कुठं ठाऊक आहे? तीच जोडी एका गेममध्ये प्रोसेसरपाशी अडते, दुसऱ्यात कार्डापाशी. अडणार तर कुठंतरी नक्कीच, नाहीतर फ्रेम अनंत झाल्या असत्या. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्ड-प्रोसेसरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका आणि खेळताना कोपऱ्यात आकडे लावा. कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढं असेल तर निवांत खेळा, पूर्ण पैसे वसूल होताहेत. कार्ड पन्नास-साठवर लोळत असेल आणि फ्रेमही कमी असतील, तर प्रोसेसरचा एकेक कोअर वेगळा बघा. एकूण बेरीज ४० टक्के दिसते आणि त्यातला एकच कोअर शंभरावर धापा टाकत असतो. असं फार वेळा होतं.

प्रश्न : आम्ही परभणीचेच. जोडी चांगली आहे, सकाळी गेम ६० वर चालतो. दुपारी दोनला तोच गेम ३५ वर. मुलगा म्हणतो प्रोसेसर बदला.

उत्तर : जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि मे महिन्यात परभणीत पत्र्याची खोली! प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला आपणच वेग कमी करतो. मग सकाळी जुळलेली जोडी दुपारी बेजोड होते. खोलीतच ४३ असतील तर पंखा गरमच हवा आत ओढणार. त्याच आफ्टरबर्नरमध्ये तापमान लावून सकाळ-दुपार ताडून बघा. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर असणारच. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी पेस्ट पाच-सहा वर्षांत वाळून खडू होते, ती बदलली की दहा-पंधरा अंश उतरलेले मी पाहिले आहेत. प्रोसेसर बदलायची गरज मला तरी दिसत नाही. पत्ता बघितला, तुम्ही माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडूनच राहता. कॅबिनेट घेऊन या, पेस्ट मी लावून देतो. दुपारी मात्र येऊ नका, दोन ते पाच माझंही शटर खाली असतं.