वर्ग पाचवीचा, वाचन दुसरीचे

प्रश्न : मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवते. वर्गाचा पट ४४ आहे. दहा-बारा मुले पाठ्यपुस्तक सहज वाचतात, साधारण तितकीच जोडाक्षर आले की अडतात आणि तीन-चार मुलांना काना-मात्रेचे शब्दही जुळवता येत नाहीत. मागे राहिलेल्यांकडे वळले की पाठ्यक्रम राहतो, पाठ्यक्रम धरला की ही मुले सुटतात. या मुलांना अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण) असावी, त्यांना रुग्णालयात पाठवा, असे एक सहकारी म्हणतात. मी काय करावे?
— एक शिक्षिका, गोवंडी

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये पाठ्यक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे, ही शिक्षकाची दोन्ही कर्तव्ये लागोपाठ दिली आहेत. त्यामुळे एकासाठी दुसरे सोडण्याची मुभा आपल्याला नाही. पण ४४ मुलांच्या वर्गात एकटीने दोन्ही साधणे अवघड आहे, हेही तितकेच खरे. याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि शाळेचा पट २०० च्या वर गेल्यास फार तर ४० मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या वर्गापुरता न ठेवता मुख्याध्यापकांपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा.

त्यासाठी आधी हातात नोंद हवी. प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावे आणि ते कुठे थांबते ते लिहावे. एका मुलाला काही मिनिटेच लागतात. रोज पाच-सहा मुले घेतली तर दोन आठवड्यांत वर्ग संपतो. ऐकताना मात्र वाचनाची चूक आणि घरची बोली यांत गल्लत होऊ देऊ नये. घरी हिंदी बोलणारे मूल ‘बाळ’चे ‘बाल’ करते, कोकणातून आलेल्या घरातले मूल ‘पाणी’चे ‘पानी’ म्हणते. अर्थ कळत असेल तर त्या मुलाला वाचता येते, असेच धरावे. (तपासणीच्या दिवशी हा विवेक सुटतो आणि चांगली वाचणारी मुले ‘अप्रगत’ यादीत जातात.)

यानंतर तिसरी ते पाचवीच्या वेळापत्रकात रोज एक सामायिक तास मागून घ्यावा. त्या तासाला मुले इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतील आणि प्रत्येक शिक्षक एकच पातळी सांभाळेल. मुंबईतच १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत पुढे देशभर नेली. तिची ताकद अशी की शिक्षकाला एका तासात चार प्रकारची मुले ओढावी लागत नाहीत. बाकीच्या तासांना पाठ्यक्रम नेहमीप्रमाणे चालतो. मात्र गट कायमचे होऊ देऊ नयेत. दर काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन मुलाला पुढच्या गटात हलवावे. ‘कच्चा गट’ हे नाव एकदा चिकटले की मूल शिकले तरी ते सुटत नाही.

सहकाऱ्यांच्या सूचनेविषयी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्थान आहे, परंतु तिचे निदान शिक्षकांनी करायचे नसते. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, शाळा किती बुडाली, मध्येच माध्यम बदलले का, हे पालकांना विचारावे. पाचवीपर्यंत नियमित येऊनही आणि वरीलप्रमाणे काही महिने नेमके शिकवूनही जे मूल अक्षर-शब्दांशीच अडते, त्याच्या पालकांना शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी असलेल्या अध्ययन अक्षमता केंद्राची माहिती द्यावी. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. वर्गातले शिकवणे मात्र तरीही चालूच ठेवावे लागते. पालकांना पाठवताना आपली वाचनाची नोंद तारखांसह सोबत द्यावी, तपासणाऱ्यांना तिचा उपयोग होतो.