महासाथीच्या काळात मदतसंस्थांना पैसे कसे द्यावेत: मासिक देणगी, कोविड निधी आणि गावची संस्था

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न एकत्र आले आहेत. मार्च २०२० मध्ये नोकरीची शाश्वती उरली नाही म्हणून तुम्ही दोन आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांना दरमहा जाणारी देणगी थांबवली आणि काही महिन्यांनी त्यातलीच रक्कम एका कोविड निधीला एकदम दिली. एप्रिल २०२१ मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनमधील, मंडळातर्फे सातारा जिल्ह्यातील तुमच्या गावाजवळच्या संस्थेला ऑक्सिजनच्या यंत्रांसाठी पैसे पाठवायला गेलात, तेव्हा त्या संस्थेने ते घेता येणार नाहीत असे कळवले. त्या वेळी गोळा झालेल्या पैशांपैकी काही भाग मंडळाच्या खात्यात अजून पडून आहे. यात आपले काय चुकले आणि पुन्हा अशी साथ आली तर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी त्या काळात इंग्लंडमधील एका मध्यम आकाराच्या मदतसंस्थेच्या हिशेब विभागात काम करत होतो, त्यामुळे हे सारे मला पैसे देणाऱ्याच्या नव्हे, तर पैसे येण्याची वाट पाहणाऱ्याच्या जागेवरून दिसले. उत्तरही त्याच जागेवरून देतो.

नोकरी धोक्यात असताना देणगी थांबवली याबद्दल मनाला लावून घेण्याचे कारण नाही. मात्र त्या वसंतात संस्थांच्या तिजोरीत नेमके काय घडत होते हे माहीत असते, तर तुम्ही ती बंद करण्याऐवजी कदाचित निम्मी केली असती. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ब्रिटनमधील मदतसंस्थांचे उत्पन्नाचे बरेचसे मार्ग एकाच वेळी बंद झाले. ऑक्सफॅम या मदतसंस्थेची, जुन्या वस्तू विकून निधी उभारणारी देशभरातील सुमारे ६०० दुकाने बंद झाली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, धावपटूंनी ६ कोटी ६४ लाख पौंड ज्या लंडन मॅरेथॉनमधून उभे केले होते, ती एप्रिलमधली शर्यत पुढे ढकलली गेली. रस्त्यावर आणि दारोदारी देणगीदार जोडणारे लोक घरी बसले. कोणत्याही भूकंपात किंवा पुरात असे होत नाही, कारण तिथे संकट एका जागी असते आणि मदत देणारा दुसऱ्या, सुरक्षित जागी असतो. महासाथीत मात्र दोघांचेही घर एकदमच जळत असते, आणि गरज वाढण्याचा आणि पैसा आटण्याचा महिना एकच असतो.

मे २०२० मध्ये ऑक्सफॅम इंटरनॅशनलने १८ देशांतील कार्यालये टप्प्याटप्प्याने बंद करून सुमारे १,४५० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. (त्या फेररचनेचा विचार आधीपासूनच चालू होता आणि हैतीतील तिच्या कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणाने ऑक्सफॅमची प्रतिमाही आधीच डागाळली होती, महासाथीने त्या निर्णयाला वेग दिला एवढेच.) सरकारी बाजूही भक्कम राहिली नाही. ब्रिटनने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परदेशी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, आणि ज्या उत्पन्नावर ही टक्केवारी काढायची ते उत्पन्नच त्या वर्षी घसरलेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच प्रमाण २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याचे ठरले आहे, तेव्हा पुढच्या साथीत सरकारी पैशावर विसंबण्याची सोय आणखी कमी असेल.

अशा वेळी दर महिन्याच्या १ तारखेला न चुकता येणारे दहा-वीस पौंड हा हिशेब विभागाचा खरा आधार असतो. अनेक संस्था तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी ठेवतात, पण तो वापरायचा की नाही आणि किती वापरायचा हा निर्णय पुढे काय येणार याच्या अंदाजावर ठरतो. हजारो मासिक देणग्या टिकून आहेत असे दिसले तर विश्वस्त राखीव निधीला हात घालण्याचे धाडस करतात. त्या गळू लागल्या की आधी कर्मचारी कमी होतात आणि मग कामे. तुमची रक्कम निम्मी होऊनही चालू राहिली असती, तर त्या अंदाजात तिची किंमत निम्म्याहून जास्त ठरली असती. शिवाय एकदा बंद झालेली मासिक देणगी परत सुरू करणारे थोडेच असतात, हे आम्ही फार लवकर शिकलो.

आता कोविड निधीबद्दल, आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. इंग्लंडच्या कायद्यानुसार एखाद्या विशिष्ट कामाच्या नावाने मागितलेला पैसा त्याच कामावर खर्च करावा लागतो. तो दुसरीकडे वळवणे हा विश्वस्तांकडून विश्वासभंग ठरतो. आमच्या संस्थेकडे त्या उन्हाळ्यात हात धुण्याची केंद्रे आणि मास्क यांच्यासाठी बांधून आलेला पैसा पुरेसा होता, पण ज्या दवाखान्यात ती केंद्रे उभारायची होती, तिथल्या रात्रपाळीच्या परिचारिकांचे पगार आणि रुग्णवाहिकेचे डिझेल यांच्यासाठी बिनअटीचा पैसा संपत आला होता. बेसिन आहे आणि बाळंतपण करणारी बाई नाही, असे चित्र कागदावर दिसत होते, आणि ते बदलण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. एका मोठ्या देणगीदाराला आम्ही लेखी विनंती करून त्याची अट सैल करून घेतली, पण त्याच्या उत्तराची वाट पाहण्यात सात आठवडे गेले.

गरीब देशांत साथीने मरणाऱ्यांची संख्या मोजली जाते, परंतु साथीकडे लक्ष वळल्यामुळे इतर आजारांनी मरणारे त्या आकड्यात येत नाहीत. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने ११ हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच काळात दवाखाने ओस पडल्यामुळे मलेरिया, क्षय आणि एचआयव्हीचे उपचार अडून झालेले जादा मृत्यूही जवळपास तितकेच असावेत, असा अंदाज पुढे मांडला गेला. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात तर महासाथीच्या अगदी तोंडावर हेच पुन्हा दिसले होते. साऱ्या जगाचे लक्ष तिथल्या इबोलाकडे होते आणि त्यात सुमारे २,३०० लोक दगावले, पण २०१९ च्या आरंभापासूनच्या साधारण वर्षभरात तिथे गोवराने ६ हजारांहून अधिक बळी घेतले, आणि त्यांत बहुतांश लहान मुले होती. गोवराची लस स्वस्त आहे आणि ती कशी द्यायची हे साऱ्यांना ठाऊक आहे. तिच्यासाठी वेगळ्या नावाचा निधी मात्र सहसा निघत नाही. एप्रिल २०२० मध्ये युनिसेफ आणि तिच्या सहकारी संस्थांनी इशारा दिला, की लसीकरण मोहिमा थांबल्यामुळे ३७ देशांतील ११ कोटी ७० लाखांहून अधिक बालके गोवराच्या लसीपासून वंचित राहू शकतात. त्याच महिन्यात जागतिक अन्न कार्यक्रमाने सांगितले, की तीव्र उपासमारीच्या कचाट्यातील लोकांची संख्या वर्षअखेरीस साडेतेरा कोटींवरून साडेसव्वीस कोटींवर जाऊ शकते. या दोन्ही गोष्टी महासाथीचेच परिणाम होते, पण ‘कोविड’ असे लिहिलेल्या पेटीत त्यांना जागा मिळेलच याची खात्री नव्हती.

म्हणून बांधलेली देणगी कधीच देऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. अनेक संस्थांच्या आवाहनांत ‘कोविड आणि त्याचे परिणाम’ अशी ऐसपैस शब्दरचना होती, आणि संयुक्त राष्ट्रांनी २५ मार्च २०२० रोजी मांडलेल्या जागतिक मदत आराखड्यातही अन्न, पाणी आणि लसीकरण धरलेले होते. त्या आराखड्याची मागणी दोन अब्ज डॉलरपासून सुरू होऊन जुलैत दहा अब्जांच्या वर गेली आणि वर्षअखेर त्यातले निम्मेही जमले नाहीत. तेव्हा आवाहनातील शब्द नीट वाचावेत, आणि ज्या संस्थेच्या कामावर तुमचा आधीपासून विश्वास आहे तिला रक्कम देताना ‘जिथे सर्वाधिक गरज असेल तिथे’ हा पर्याय निवडावा. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आठवडाभरातच, आम्हाला त्सुनामीसाठी लागणारा पैसा मिळाला आहे, आता त्या नावाने देऊ नका, असे जाहीर केले आणि जादा रक्कम इतर संकटांसाठी वापरण्याची परवानगी देणगीदारांकडे मागितली. त्या वेळी इतर संस्थांना तो आगाऊपणा वाटला होता. माझ्या मते कोणत्याही संस्थेची पारख करायला प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीपेक्षा अशी एखादी कृती अधिक उपयोगी पडते.

त्या टक्केवारीबद्दल एवढेच, की महासाथीत ती मुळीच पाहू नये. बांगलादेशातील कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत एप्रिल २०२० पासून बाहेरच्या कर्मचाऱ्यांची ये-जा अगदी थोडी ठेवली गेली आणि रोजचे काम बांगलादेशी संस्था आणि खुद्द निर्वासितांतील स्वयंसेवक यांच्यावर आले. त्यांना प्रशिक्षण, फोन आणि मास्क पुरवण्याचा खर्च हिशेबात प्रत्यक्ष कामाचा दाखवायचा की प्रशासकीय, हा प्रत्येक संस्थेच्या हिशेबनिसाच्या मर्जीचा भाग आहे.

गावच्या संस्थेने पैसे नाकारले याचे कारण तिचा आडमुठेपणा नव्हता. भारतातील संस्थांना परदेशी पैसा ज्याच्या नोंदणीखाली घ्यावा लागतो, त्या परकीय देणगी नियमन कायद्यातील दुरुस्ती २९ सप्टेंबर २०२० पासून लागू झाली आणि तिने तीन गोष्टी बदलल्या. परकीय देणगी मिळालेली संस्था ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, मग ती दुसरी संस्था या कायद्याखाली नोंदलेली का असेना. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि अशी देणगी आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. ही खाती उघडण्याची मुदत ३१ मार्च २०२१ ला संपत होती, म्हणजे नेमकी दुसऱ्या लाटेच्या तोंडावर. ती जूनअखेरपर्यंत वाढवली गेली तीही मे महिना अर्धा उलटल्यावर. मुंबई-पुण्यातील मोठ्या संस्थेकडे पैसे पाठवून तिच्यामार्फत तालुक्याच्या गावी पोहोचवण्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली होती. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारख्या वस्तूरूपातील मदतीलाही हाच कायदा लागू होतो, त्यामुळे पैसे नको तर यंत्रे घ्या, असे म्हणूनही मार्ग निघत नव्हता.

इथे एक बारकावा आहे, जो आपल्या अनेक मंडळांना तेव्हा ठाऊक नव्हता. ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्याने परदेशात राहूनही आपल्या वैयक्तिक बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. तिच्यासाठी गावच्या संस्थेला त्या कायद्याखाली नोंदणीची गरज नसते. संस्थेने फक्त देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत दप्तरी ठेवावी. ज्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) असले तरी तो परकीय स्रोत ठरतो. ब्रिटनमध्ये नोंदलेले मंडळही परकीय स्रोतच, त्याचे सर्व सभासद भारतीय नागरिक असले तरीही. म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये सगळ्यांचे पैसे मंडळाच्या खात्यात एकत्र करण्याऐवजी भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांनी आपापले पैसे थेट पाठवले असते, तर ते त्या संस्थेला घेता आले असते. उरलेल्यांनी भारतात काम करणाऱ्या एखाद्या ब्रिटिश नोंदणीकृत संस्थेला दिले असते, तर त्यांना गिफ्ट एडही लागू झाले असते, म्हणजे प्रत्येक पौंडामागे करखात्याकडून २५ पेन्सची भर. गावच्या संस्थेला थेट दिलेल्या पैशावर ही भर मिळत नाही.

पुढच्या वेळेसाठी माझा सल्ला असा, की साथ नसतानाच हे काम करून ठेवावे. ज्या दोन संस्थांना तुम्ही आधी देत होता, त्यांपैकी एकीची मासिक देणगी परवडेल तेवढ्या छोट्या रकमेने आजच पुन्हा सुरू करा आणि संकट आले तर ती बंद करण्याआधी संस्थेला कळवून कमी करून घ्या. गावच्या संस्थेला तिची परकीय देणगीची नोंदणी आहे का, असल्यास तिची मुदत कधी संपते, हे विचारून घ्या. सभासदांपैकी कोणाकडे कोणता पासपोर्ट आहे याची यादी मंडळाच्या सचिवांकडे असावी. ती करायला एक रविवार पुरतो.

राहिला प्रश्न पडून असलेल्या रकमेचा. ती ऑक्सिजनच्या यंत्रांसाठी म्हणून मागितली होती, त्यामुळे समितीने ठराव करून ती गणेशोत्सवाच्या किंवा सभागृहाच्या खर्चात घालू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले असेल तर चॅरिटी कमिशन या तिथल्या धर्मादाय संस्थांच्या नियामकाचे न संपलेल्या आवाहनांविषयीचे मार्गदर्शन आधी वाचा. त्यानंतर प्रत्येक देणगीदाराला पत्र पाठवा: किती जमले, किती खर्च झाले, किती उरले आणि उरलेले कोणत्या संस्थेला द्यायचा विचार आहे. हवे असतील तर पैसे परत मिळतील, हे त्यात स्पष्ट लिहा, उत्तरासाठी तारीख द्या, आणि ज्यांचे उत्तर त्या तारखेपर्यंत येणार नाही त्यांच्या रकमेचे काय केले जाईल हेही त्याच पत्रात नोंदवून ठेवा.