इस्ट्रोजेन प्रथिने ‘तयार करते’ की ‘करवते’?

‘इस्ट्रोजेन मेंदूत प्रथिने तयार करते’ हे वाक्य योग्य आहे, की ‘इस्ट्रोजेनमुळे प्रथिने तयार होतात’ असे लिहावे, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटला तरी त्याचे उत्तर पेशीत काय घडते यावर ठरते.

पहिल्या वाक्यात कर्ताच चुकला आहे. प्रथिने घडवतात ती पेशीतील रायबोझोम. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हॉर्मोन) चेतापेशीत शिरून आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, जोडले जाते, ही जोडी डीएनएवरील ठरावीक जागी बसते, तेथील जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे एम-आरएनएच्या रूपात प्रत काढणे, वाढते किंवा मंदावते आणि त्यातून निघालेल्या एम-आरएनएबरहुकूम रायबोझोम अमिनो आम्लांची साखळी जोडत जातात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील काही पेशींत याच मार्गाने प्रोजेस्टेरॉनचे ग्राही वाढतात. हे ग्राहीही प्रथिनेच असल्यामुळे एक संप्रेरक दुसऱ्याचा निरोप ऐकण्याची सोय करून ठेवते, असे म्हणता येईल.

दुसऱ्याकडून काम घडवून घेण्यासाठी मराठीत प्रयोजक क्रियापद आहे, म्हणून ‘तयार करवते’ हे रूप अर्थाला जवळचे ठरते. मात्र ‘माझ्याने करवत नाही’ या शक्यार्थी प्रयोगाची सावली त्यावर पडते आणि शास्त्रीय लेखनात ते अवघडल्यासारखे वाटते. ‘चालना देते’ हा पर्याय मला अधिक रुचतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये रूढ केलेला ‘हॉर्मोन’ हा शब्द चालना देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे आणि ‘संप्रेरक’मधील प्रेरणाही तीच आहे. पण जिथे निर्मिती घटते, तिथे ‘चालना’ लागू पडत नाही.

‘मुळे’ असलेले वाक्य त्या मानाने निर्दोष आहे, तरी इस्ट्रोजेन नसेल तर प्रथिने तयारच होणार नाहीत, असा गैरसमज त्यातून होऊ शकतो. ‘जनुके चालू करते’ हा प्रचलित वाक्प्रयोगही अपुरा आहे, कारण चेतापेशींच्या जोडांवरील पीएसडी-95 या प्रथिनाची निर्मिती इस्ट्रोजेन नवे प्रतिलेखन न होताही, आधीच असलेल्या एम-आरएनएचे भाषांतरण (त्यावरून प्रथिन घडवणे) वाढवून जलद वाढवू शकते.

म्हणून मी असे लिहीन: ‘इस्ट्रोजेनच्या प्रभावाने मेंदूतील काही पेशींत विशिष्ट प्रथिनांची निर्मिती वाढते किंवा घटते.’ वाक्य लांबते खरे, पण ‘काही’ आणि ‘विशिष्ट’ यांपैकी एकही शब्द मी गाळणार नाही.